उन्हात पडलेला पाइप

पावसाळा सरतो, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बुल टेंपल रोडवर कडलेकाई परिषे भरते, शेंगांच्या ढिगांमधून वाट काढत निम्मं बेंगळुरू दोड्ड बसवण्णाच्या दर्शनाला येऊन जातं. त्यानंतरच्या आठवड्यात बसवनगुडीतल्या घरांच्या परसात एक ठरलेलं काम निघतं. जिन्याखाली नाहीतर कंपाउंडच्या भिंतीशी पडून राहिलेला पाणी घालायचा पाइप ओढून काढायचा, नळाला लावायचा आणि नळ सोडायचा. मग मधेच कुठून तरी बारीक कारंजं उडतं, आणि तेही नेमकं वाळत घातलेल्या कपड्यांवर.

माझ्या पाइपाला गेल्या वर्षी अशी तीन कारंजी फुटली. दोन मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून बंद केली, तिसरं काही बंद होईना. टाकून देण्याआधी त्याचा दोन बोटं रुंदीचा तुकडा सुरीने कापला आणि उजेडात धरला. जी बाजू वर आभाळाकडे होती ती पांढुरकी, खडू चोळल्यासारखी झाली होती. नख लावलं तर बारीक भुकटी निघाली, चिमटीत दाबलं तर कडकन चीर गेली. जमिनीला टेकलेली बाजू मात्र अजून हिरवीगार, चकचकीत आणि मऊ होती. एकाच कापात दोन वयं! शेजारच्या अज्जींना तो तुकडा दाखवला, तर त्या म्हणाल्या, ‘वरून वाळलंय, खालून ओलं आहे, पापडासारखं.’ उन्हाळी वाळवणं ज्यांनी आयुष्यभर घातली त्यांना निदान करायला वेळ लागत नाही.

पाइप विकत घेताना आपण त्याच्या दाबाची चौकशी करतो. किती दाब सोसतो, किती बारला फुटतो, हे आकडे वेष्टनावर ठळक छापलेले असतात. घरगुती बागेतला पाइप मरतो तो बहुतेक वेळा उन्हाने आणि वळणाने. दाबाचा नंबर फार खाली लागतो.

हे पटवून घ्यायला आपल्या घरातलं पाणी कसं येतं ते बघायला हवं. इथल्या पद्धतीप्रमाणे कावेरीचं पाणी आधी जमिनीतल्या संपमध्ये पडतं, तिथून मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते आणि टाकीतून ते नळांना उतरतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी अंगणातल्या नळापेक्षा फार तर आठ मीटर वर असते, म्हणजे दाब झाला ०.८ बार. बाजारातला साधा जाळीवाला पाइपसुद्धा याच्या कितीतरी पट दाब सहज झेलतो. चारमजली अपार्टमेंटच्या तळाशीही गोष्ट दीड बारच्या आसपासच थांबते. प्रेशर पंप बसवलेला असेल तर हिशेब बदलतो, त्याकडे येईनच.

खरा त्रास उलटाच असतो. दाब कमी पडतो. गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. टाकी डोक्यापेक्षा जेमतेम हातभर वर, आणि पाइपातून पाणी येतं ते दया आल्यासारखं. अशा ठिकाणी ‘एक्स्ट्रा हेवी’ पाइपाने काही साधत नाही. साधतं ते आतल्या पोकळीने. अर्धा इंचीऐवजी पाऊण इंची पाइप घेतला तर तेवढ्याच दाबाला आणि तेवढ्याच लांबीला पाणी जवळजवळ तिप्पट येतं. व्यास दीडपट, पाणी तिप्पट, कारण पाइपाच्या भिंतीशी होणारं घर्षण पोकळी वाढली की झपाट्याने घटतं. माझ्या गच्चीवर अर्धा इंची पंधरा मीटर पाइपाने पंधरा लिटरची बादली भरायला दोन मिनिटं लागायची. पाऊण इंचीने ती पाऊण मिनिटात भरते. लांबीचाही असाच हिशेब आहे. पाइप दुप्पट लांब केला की धार सुमारे एक तृतीयांशाने मंदावते. म्हणून सगळ्यात लांबच्या कुंडीपर्यंत पावलं मोजावीत, वर दोन मीटर धरावेत आणि थांबावं.

दुकानदार मात्र थांबू देत नाही. एस.जे.पी. रोडवरच्या एका दुकानात मी पंधरा मीटर मागितला. ‘एष्टु मीटर बेकु, मेडम?’ असं त्याने पुन्हा विचारलं, जणू ऐकण्यात चूक झाली असावी. तीस मीटरचं बंडल स्वस्त पडतं, उरलेला नंतर कामाला येईल, हे त्याचं म्हणणं. उरलेला पाइप नंतर कामाला आल्याचं मी तरी कुठल्याच घरात पाहिलेलं नाही. तो जिन्याखाली पडून कडक होतो.

आणि कडक का होतो, ही या सगळ्यातली सर्वांत रंजक गोष्ट आहे. पीव्हीसी हे मुळात मऊ प्लास्टिक नाहीच. भिंतीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा करडा पाइप आणि बागेतला लवचिक हिरवा पाइप एकाच जातीचे. १९२६ साली अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रन गावी, बी. एफ. गुडरिच या रबराच्या कंपनीत, वाल्डो सेमन हा रसायनतज्ज्ञ रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधत होता. त्या खटपटीत त्याने निरुपयोगी समजलं जाणारं पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवलं आणि थंड झाल्यावर हाताला लागलं ते रबरासारखं ताणलं जाणारं काहीतरी. चिकटायला ते तयार नव्हतं, पण वाकायला होतं. प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्यांच्या मधे तेलकट रेणू शिरून बसले की साखळ्या एकमेकींवरून घसरू शकतात, एवढंच त्यातलं गुपित. मऊ पाइपात असं मृदुकारक वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असू शकतं. पाइपाच्या धंद्यात त्याला सरसकट ‘डीओपी’ म्हणतात.

पण हे तेल साखळ्यांना जोडलेलं नसतं, नुसतं मधे बसलेलं असतं. उन्हात ते हळूहळू उडून जातं, पाण्याबरोबर थोडं धुपतं, आणि पाइप पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर जातो. झाकण न ठेवता ओट्यावर राहिलेली कणीक वरून कशी कडक होते, तसंच. नव्या पाइपाचा हाताला लागणारा तेलकटपणा हा त्याच तेलाचा. एका उन्हाळ्यात तो गेला की आपण खूश होतो. जायला नको होतं तेच गेलेलं असतं.

त्यात उन्हाचा दुसरा घाव पडतो. अतिनील किरण पीव्हीसीच्या साखळ्याच तोडतात. इथे बेंगळुरूकर फसतो. हवा थंड, पंखासुद्धा लागत नाही, मग प्लास्टिकला काय धाड भरणार, असं त्याला वाटतं. पण हवेचं तापमान आणि उन्हाची धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे आणि दर हजार मीटरमागे अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे आकाश सारखंच निरभ्र असलं तर इथल्या गच्चीवर किनारपट्टीपेक्षा जास्त अतिनील मारा होतो, भले घाम मुंबईत जास्त येवो. शिवाय शहर विषुववृत्तापासून जेमतेम १३ अंशांवर. २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमारास भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टात निदान ढग असतात. एप्रिलातल्या सूर्याखाली गच्चीच्या फरशीवर पसरलेला पाइप म्हणजे भर पेठेत उभं राहून खाल्लेला मार.

म्हणून रंगाकडे सौंदर्याच्या नजरेने बघू नये. काळा पाइप कुरूप दिसतो, पण काळेपणा येतो तो काजळीच्या पुडीतून, आणि ती काजळी किरण वरच्या वर शोषून घेते. रस्त्याकडेच्या विजेच्या केबलची साल काळी असते ती याच कारणासाठी. सगळ्यात वाईट म्हणजे पारदर्शक पाइप. आतून पाणी वाहताना दिसतं म्हणून तो लोकांना आवडतो. उन्हाचा प्रकाश आत जातो, साचलेल्या पाण्यात शेवाळ धरतं, आणि दोन महिन्यांनी पहिल्या धारेबरोबर हिरव्या गुठळ्या पडतात. त्या स्प्रेगनच्या बारीक भोकांत अडकल्या की ‘गन खराब आली’ म्हणून आपण दुकानात भांडायला जातो. मी गेले आहे. चूक माझी होती.

आता जाळीबद्दल. दुकानात ‘जाळीवाला’ किंवा ‘ब्रेडेड’ म्हणतात तो पाइप म्हणजे आत मऊ नळी, तिच्यावर पॉलिस्टरच्या धाग्यांचं आडवं-तिरपं विणकाम आणि त्यावर पुन्हा प्लास्टिकचं अस्तर. बंद नळीत पाण्याचा दाब भिंतीला दोन दिशांनी ताणतो. घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेपेक्षा बरोबर दुप्पट असतो. म्हणूनच फुटणारा पाइप उभा चिरतो, आडवा तुटत नाही. तुमच्याकडे मेलेला पाइप असेल तर बघून घ्या. या दुप्पट-एकपट ताणाला एकाच धाग्याने तोंड द्यायचं तर धागा पाइपाच्या लांबीशी ठरावीक कोनात असावा लागतो, आणि तो कोन निघतो ५४.७ अंश. या कोनात विणलेला पाइप पाणी सोडलं की लांबतही नाही, आखडतही नाही. कोन चुकला की गनचा खटका बंद करताच पाइप अंगणात सापासारखा वळवळतो, फुगतो किंवा आखडतो. दुकानात कोनमापक घेऊन कुणी जात नाही, पण कापलेल्या टोकाशी जाळी सारखी विणली आहे की एका बाजूला विरळ, हे डोळ्यांना कळतं.

आमच्या ०.८ बारला पाइप फुटू नये म्हणून ही जाळी लागतच नाही, मग घ्यायची कशाला? दुमडू नये म्हणून. पाइप गोल राहतो तो बराचसा आतल्या पाण्याच्या दाबाने. दाब जोरदार असला तर साधा पाइपही ताठ राहतो. गच्चीवर दाब नसतो, त्यामुळे पाइप स्वतःच्या वजनाने चपटा होतो आणि कोपऱ्यावर मोड पडते. एकदा मोड पडली की प्लास्टिक ती विसरत नाही, पुन्हा तिथेच दुमडतं, आणि पहिली चीर तिथेच जाते. म्हणजे जाळीची गरज कमी दाबाच्या घरालाच जास्त. वेष्टनावर हे कुणी छापत नाही.

पाइप घेताना टोक कापून दाखवायला सांगावं. भिंत सगळीकडून सारखी जाड हवी. पुष्कळ स्वस्त पाइपांत पोकळी एका बाजूला सरकलेली असते, तिकडची भिंत कागदासारखी. मग हातभर तुकडा वाकवून वेढा करावा आणि तो वेढा लहान लहान करत न्यावा. तळहाताएवढा होईपर्यंत दुमडला नाही तर पाइप चांगला. वाकवलेल्या जागी पांढरी रेघ उमटली तर त्यात खडूची पूड भरपूर आहे. ही पूड स्वस्त असते आणि वजन वाढवते, म्हणून तोलावर भरोसा ठेवणाऱ्यांना ती बरोबर फसवते. तोलाचा हिशेब तरीही उपयोगाचा आहे. अर्धा इंची पाइपाची भिंत २ मिलिमीटर असेल तर तीस मीटरचं बंडल साधारण साडेतीन किलो भरायला हवं, दीड मिलिमीटरला अडीच किलो, अडीच मिलिमीटरला सव्वाचार-साडेचार. बंडल दोन किलोचं आणि वर ‘हेवी’ छापलेलं असेल तर हसून परत ठेवावं. अडीच मिलिमीटरच्या मानाने वजन फारच जास्त भरलं तर नखाने ओरखडून बघावं. नव्या दाण्याचा पाइप एकसारख्या रंगाचा, कापावर नितळ दिसतो. भंगारातून वितळवलेल्या दाण्याचा ठिपकेदार असतो आणि त्याला जळक्या चपलेसारखा वास येतो.

खऱ्या रबराचा, म्हणजे हल्ली ईपीडीएम जातीच्या कृत्रिम रबराचा काळा पाइप ऊन सर्वांत चांगला सोसतो. गाडीच्या दाराभोवतीची काळी पट्टी त्याच वाणाची, ती वर्षानुवर्षं उन्हात उभी असते. त्याच्या लवचिकपणासाठी पीव्हीसीइतक्या तेलावर विसंबावं लागत नाही. पण तो महाग आणि जड. पंधरा मीटर ओढून नेता-नेता सत्तरीच्या माणसाचं खांद्याचं दुखणं वाढेल. तरुण घरात आणि खालच्या अंगणात जरूर घ्यावा. जाहिरातीत पाणी भरताच तिप्पट लांब होणारा ‘जादूचा’ पाइप दिसतो. त्याच्या आत फुग्यासारखी पातळ लवचिक नळी आणि बाहेर कापडी झबलं असतं. तो हलका खरा, पण झबल्याआड काय चाललंय ते कळत नाही आणि आतला फुगा एकदा फाटला की जोडता येत नाही. आमच्या गल्लीत तीन घरांनी घेतला होता, आता एकाकडेही नाही.

चांगला पाइप आणूनही तो कुठे मरतो, तर नळापाशी. पहिल्या वीतभरात. नळाच्या तोंडाला लटकून पाइपाचं सगळं वजन त्या एका वळणावर येतं आणि रोज ओढाओढ होते ती तिथेच. लोक टोक नळावर चढवून तारेने करकचून आवळतात, तार रुतते आणि पाइप तिथेच कापला जातो. त्याऐवजी टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवावं, मऊ झालं की नळाच्या नोझलवर सरकवावं आणि स्क्रूची क्लिप बेताने आवळावी. तेल लावू नये, साबणाचं बोट चालतं. नळाखाली विटेचा किंवा स्टुलाचा टेकू दिला की वळण सुटं राहतं. तरीही वर्ष-दीड वर्षाने ती वीतभर जागा कडक होतेच. तेवढा तुकडा कापून टाकावा आणि पुन्हा बसवावा. पेन्सिलीसारखा पाइप आखूड होत जातो, पण चालतो.

गुंडाळण्यातही एक खोच आहे. एकाच दिशेने वेढे घालत गेलं की प्रत्येक वेढ्याला पाइपात एक पीळ पडतो. दहा वेढे, दहा पीळ. दुसऱ्या दिवशी टोक धरून ओढलं की ते सगळे एकदम गाठी बनून येतात. एक वेढा सुलटा, एक उलटा असं घातलं की पीळ एकमेकांना खाऊन टाकतात. किंवा जमिनीवर इंग्रजी आठाच्या आकारात पसरावा. खिळ्यावर टांगू नये, खिळ्याच्या जागी मोड पडते. सायकलची जुनी रिम भिंतीला ठोकली तर बाजारातल्या रीलची गरज उरत नाही. आणि जागा सावलीतली हवी. जिन्याखालची घुशी-उंदरांची वाट टाळावी, त्यांना पीव्हीसी कुरतडायला आवडतं.

प्रेशर पंपवाल्यांसाठी एवढंच सांगेन, की गनचा खटका सोडून नळ तसाच चालू ठेवून चहाला जाऊ नये. बंद पाइपात दोन-तीन बारचा दाब, वर ऊन, आत तापत जाणारं पाणी. ऊन लागलं की पीव्हीसी मऊ पडतं आणि दाबाने फुगतं. पाइप दाबाने फुटल्याच्या ज्या मोजक्या कहाण्या मी ऐकल्या त्या सगळ्या अशा चहाच्या वेळच्या आहेत. त्या तापलेल्या पाण्याची पहिली धारही थेट रोपावर सोडू नये. अर्धा इंची तीस मीटर पाइपात साडेतीन लिटरहून जास्त पाणी साठलेलं असतं. ते आधी मातीच्या वाटेवर जाऊ द्यावं, आणि पोरांना त्यातून प्यायला तर मुळीच देऊ नये.

एका धोक्याचा विचार सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. पाइपाचं टोक शेणखताच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेलं, नळ उघडा, आणि तेवढ्यात गच्चीवरची टाकी रिकामी झाली. खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की रिकाम्या होत जाणाऱ्या नळीत ओढ तयार होते आणि बादलीतलं पाणी उलटं घरात शिरू शकतं. टोक पाण्याच्या वर हातभर राहू द्यावं, एवढी काळजी पुरते.

पाण्याचं मोल इथे वेगळं सांगायला नको. पहिल्या टप्प्याचं कावेरीचं पाणी १९७४ साली शहरात आलं. आजही ते तोरेकाडनहळ्ळीहून सुमारे शंभर किलोमीटर प्रवास करून, जवळजवळ अर्धा किलोमीटर उंची पंपांनी चढून येतं. मार्च २०२४ मध्ये बोअरवेल आटल्या तेव्हा शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने बागा, गाड्या, बांधकाम आणि कारंजी यांसाठी पिण्याचं पाणी वापरायला मनाई केली, दंड ५,००० रुपये, पुन्हा सापडल्यास वर दिवसाला ५०० रुपये. फेब्रुवारी २०२५ मध्येही तसाच आदेश निघाला. लालबागेच्या जानेवारीच्या फ्लॉवर शोमधून हौसेने आणलेल्या कुंड्या ऐन तहानेला येतात त्याच महिन्यांत हे होतं. अर्धा इंची उघडा पाइप मिनिटाला दहा-बारा लिटर सहज ओततो. वीस मिनिटांत दोनशे लिटरच्या वर. आमच्या घरी आता पाऊण इंची पाइप पावसाच्या पाण्याच्या पिंपाला जोडलेला आहे. दाब जवळजवळ नाही, म्हणूनच पाऊण इंची. पिंप आटलं की भाज्या धुतलेलं आणि आरओतून वाया जाणारं पाणी मगाने घालायचं. गंमत म्हणजे आरओचं हे वाया जाणारं पाणी खारट असतं, म्हणून ते रोज एकाच कुंडीत नको.

मेलेला हिरवा पाइप मात्र मी भंगारात दिला नाही. त्याच्या खालच्या, अजून मऊ असलेल्या बाजूच्या पट्ट्या कापल्या. कंपाउंडजवळ पारिजातकाचं नवं रोप काठीला बांधायचं होतं. नुसती तार सालीत रुतते, म्हणून तारेवर या पट्ट्या चढवून बांधलं. झाडाच्या सावलीत आहेत, त्यामुळे अजून तरी मऊ आहेत.